बिनचष्म्याचा पडदा

रविवार, ८ सप्टेंबर १९८५

चष्म्याचा सिनेमा पाहून आलो. शेजारचे महादेवराव, त्यांची बायको प्रेमिला, आमची सौ. चारुशीला आणि मी. दारावर प्रत्येकाला पुठ्ठ्याचा चष्मा मिळतो. तो घातला की पडद्यातली वस्तू अंगावर येते म्हणे.

पहिला भाला आला तेव्हा अख्खं थिएटर खाली वाकलं. महादेवराव म्हणजे नरखेडकडे संत्र्याचे दोन बगीचे सांभाळणारा, सापाला काठीने बाजूला करणारा माणूस. तेही खुर्चीखाली जायचे बाकी होते. प्रेमिलाबाई चारुशीलेला बिलगल्या. चारुशीलेने माझा हात घट्ट धरला. ताठ बसलेला मी एकटा. भाला आला, मोठा झाला, गेला. पडदा नेहमीसारखा सपाट.

निष्कर्ष : गर्दीचा भ्रम. एक वाकला की सगळे वाकतात.

परतताना सायकलरिक्षात चारुशीलेने विचारलं, "तुम्हाला खरंच काही दिसलं नाही का हो?" म्हटलं, मी विज्ञानाच्या नजरेने बघत होतो.

तीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढून जूनमध्ये रिटायर झालो. हुद्दा लॅब असिस्टंटचा, पण दुर्बिणी, भिंगं, लोलक लावून द्यायला प्रोफेसरांना पांढरीपांडेच लागायचा. आता वेळ आहे, डोकं आहे.

संकल्प : बिनचष्म्याचा त्रिमिती पडदा मी बनवीन. मुदत २६ जानेवारी.

मंगळवार, १० सप्टेंबर

तत्त्व सोपं आहे. माणसाचे दोन डोळे अडीच इंच अंतरावर. दोघांना जग किंचित वेगवेगळं दिसतं, मेंदू दोन्ही चित्रं जोडतो आणि खोली कळते. तेव्हा पडद्यावर दोन चित्रं टाकायची आणि समोर बारीक उभ्या गजांचं जाळं असं धरायचं की उजव्या डोळ्याला फक्त उजवं चित्र दिसावं, डाव्याला फक्त डावं. म्हणजे चष्मा माणसाला न घालता पडद्याला घालायचा.

रशियन पुस्तकांच्या गाडीवर घेतलेल्या एका मासिकात होलोग्राफीबद्दल वाचलं. त्यावरून नाव ठरवलं : 'पांढरीपांडे होलोग्राफिक स्क्रीन'. खरं तर होलोग्राफीला लेसर लागतो, माझ्या पडद्याचा तिच्याशी काही संबंध नाही. पण नाव भारदस्त आहे. सीताबर्डीच्या बाजारात रबरी शिक्का करायला टाकला.

बुधवार, १८ सप्टेंबर

पडद्याला पंधरा फूट मोकळी जागा हवी. आमच्या प्रतापनगरच्या घरात एवढी जागा फक्त हॉलमध्ये. चारुशीलेचं शिलाई मशीन व्हरांड्यात हलवलं. उजेड तिथे उलट चांगला. पावसाचे शिंतोडे येतात, पण पाऊस आता संपतच आला.

ती काही बोलली नाही. म्हणजे पसंत आहे.

बुधवार, २ ऑक्टोबर

चारुशीला भिलाईला गेली. शामलाचं, म्हणजे आमच्या मुलीचं, पहिलं बाळंतपण. दोन महिन्यांत परत. जाण्याआधी तिने सगळ्या डब्यांवर कागद चिकटवले : तूरडाळ, मूगडाळ, साखर, मीठ (साखर नव्हे).

गाडी सुटताना म्हणाली, "बाळ बघायला याल ना?" म्हटलं, अर्थातच.

आता अखंड काम. संकल्प : पाचला उठणे. चहा दिवसातून दोनदा. दुपारी झोप बंद. आठवड्याला एक पत्र.

शनिवार, ५ ऑक्टोबर

उठलो ८.४०. पाचला उठायचं ते दूधवाल्याच्या आवाजाने, आणि चारुशीलेने त्याला दोन महिने उशिरा ये असं सांगून ठेवलंय. माझा यात दोष नाही.

चहा कपाबाहेर सांडला. या नव्या कपांचे काठ बारीक आहेत.

सोमवार, १४ ऑक्टोबर

मोठा शोध. जाळीसाठी कापड बघायला गांधीबागेत गेलो होतो. ठोक बाजारात कुणी मला दाद देईना. परतताना एका गल्लीत हातमाग दिसला, बंद पडलेला. त्याला लावलेली फणी पाहून जागीच उभा राहिलो. ताण्याचे धागे ज्यातून ओवतात ती फणी : पोलादाची बारीक उभी पाती, एका इंचात चाळीस, सगळी सारख्या अंतरावर. मला हवं होतं ते जाळं नागपूरच्या कोष्ट्यांनी कधीचं करून ठेवलं आहे, फक्त त्यातून कुणी बघितलं नव्हतं.

माग गोपिकाबाईंचा. साठीच्या आहेत. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला, पॉवरलूम आल्यावर माग बंद. त्यांनी भिंतीवर टांगलेल्या तीन फण्या काढून दिल्या. नवरा रोज तेलाच्या फडक्याने पुसायचा म्हणे. मी तत्त्व समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते मले नाही समजत गुरुजी. पण काय निंगते त्याच्यातून ते दाखवजा."

शब्द दिला.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

अडचण : फणी दोन हात लांब, पण उंची चार बोटं. चार बोटांच्या पडद्यावर माणूस दाखवायचा तर फक्त गुडघे दिसतील. नऊ फण्या एकावर एक लावाव्या लागणार. गोपिकाबाईंनी गल्लीतल्या आणखी बंद मागांवरून सहा मिळवून दिल्या. त्या गल्लीत बंद माग मुबलक आहेत, ही फार सोयीची गोष्ट झाली.

मंगळवारपासून कुणाशी बोललो नाही. एकाग्रता उत्तम.

रविवार, १० नोव्हेंबर

भिलाईची तार. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी आजोबा.

आजच फण्यांची तिसरी रांग सरळ बसली. दोन आनंद एकाच दिवशी. तारेला उत्तर म्हणून ताबडतोब चार पानी पत्र लिहिलं, आकृत्यांसह.

मंगळवारी दिवाळी. प्रेमिलाबाईंनी चिवडा आणि अनारसे पाठवले. आकाशकंदील लावला नाही, उजेडाचा प्रयोगांना त्रास होतो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

परवा तिकडे बारसं. जायचं निश्चित होतं, बॅगही काढली होती. पण फण्यांच्या लाकडी चौकटीला सरस लावलाय आणि तो वाळेपर्यंत चौकट सोडून जाणं धोक्याचं. सरसाला पंधरा दिवस लागतात. बाळ काय, बाळ तिथेच आहे.

बुधवार, २७ नोव्हेंबर

चारुशीलेचं पत्र. "नाव गौतमी ठेवलं. तुमची वाट पाहिली. शामलाला शाळेत शिकवायला लवकर रुजू व्हावं लागतंय, त्यामुळे मी संक्रांतीपर्यंत राहते. मीठ जास्त खाऊ नका."

फण्यांबद्दल एक अक्षर नाही. आकृत्या नीट समजून घेऊन मगच लिहायचं असा तिचा विचार दिसतो. ती पहिल्यापासून सावकाश वाचते.

सरस दुसऱ्याच दिवशी वाळला होता. कंपनीने डब्यावर चुकीचं छापलंय.

सोमवार, ९ डिसेंबर

चित्र कोणतं दाखवायचं हा प्रश्न होता. त्रिमितीसाठी एकाच दृश्याचे दोन फोटो लागतात, कॅमेरा अडीच इंच सरकवून घेतलेले. माझ्याकडे अशी एकच जोडी आहे. १९६२ साली रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्यांवर चारुशीलेचे काढले होते, लग्नानंतर दोन महिन्यांनी. तेव्हाही मला हा विषय सुचला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

दोन्ही फोटो काचेवर उतरवून घेतले. निवड निव्वळ तांत्रिक कारणासाठी. संध्याकाळभर काचा पुसल्या. तिची नऊवारी की पाचवारी याबद्दल माझी आठवण चुकली होती. पाचवारी आहे, काठ रुंद.

मंगळवार, २४ डिसेंबर

प्रोजेक्टर तयार. पत्र्याच्या एका पेटीत एक दिवा आणि अडीच इंच अंतरावर दोन भिंगं. हॉलच्या खिडक्यांना काळा कागद लावला, म्हणजे दुपारीही अंधार. पेटीच्या बरोबर खाली एक खुर्ची. तिथे बसूनच दिसेल, दुसरीकडून नाही. थिएटरसाठी बाराशे खुर्च्यांचं काय करायचं ते नंतर पाहू.

दुपारी दाराची कडी वाजली असं वाटून दोनदा उठलो. वाजली नव्हती.

शनिवार, ११ जानेवारी १९८६, दुपारी ४

पहिली चाचणी. तपशिलाने लिहितो.

आधी मी बसलो. चारुशीला दिसली, स्वच्छ, पायऱ्यांवर उभी. पण सपाट. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. अर्धा तास खुर्ची मागेपुढे केली. सपाटच.

मग महादेवरावांना बोलावलं. ते शेतावरून नुकतेच आले होते, मोटरसायकलचा हातमोजा हातातच. बसले. म्हणाले, "मास्तर, दोन दोन वैनी दिसून राह्यल्या." मी म्हटलं, डोकं इंचभर डावीकडे घ्या. त्यांनी घेतलं. मग हळूच हात पुढे केला, पडद्यापासून चांगला हातभर अलीकडे हवेत. म्हणाले, "इथं उभ्या आहेत ना गा ह्या. पदर तं माह्या हाताजवळ आहे." नंतर हात मागे घेतला, जसा परक्या बाईला चुकून धक्का लागल्यावर घेतात. म्हणाले, "पण मास्तर, वैनीचा एक पाय वर काहून आहे?"

प्रेमिलाबाई बसल्या. उठताना म्हणाल्या, "आताच बोलतीन असं वाटलं मले. पाय उचलून उभ्या आहेत बिचाऱ्या."

मी पुन्हा बसलो. समोरून दोन्ही पाय पायरीवर टेकलेलेच. चित्र सपाट.

निष्कर्ष : शेजाऱ्यांना मला दुखवायचं नव्हतं. माणसं चांगली आहेत, निरीक्षक म्हणून निरुपयोगी.

सोमवार, १३ जानेवारी

दिलेल्या शब्दाप्रमाणे गोपिकाबाईंना आणलं. त्या नवं लुगडं नेसून आल्या. आधी त्यांनी नऊ फण्यांवरून बोट फिरवलं आणि नवऱ्याच्या तीन कोणत्या ते न विचारता ओळखलं. मग खुर्चीत बसल्या.

बराच वेळ बघत होत्या. मी घड्याळ लावलं होतं, सहा मिनिटं. शेवटी म्हणाल्या, "हिचे पाय भाजून राह्यले गुरुजी. टाच पाहा कशी उचलून धरली तिनं. कोनं उभी केली हिले उन्हात?"

म्हटलं, तो यंत्राचा दोष आहे, दुरुस्त होईल.

तिसऱ्यांदा तोच पाय. याचा अर्थ स्पष्ट : खालच्या दोन फण्यांचा सांधा चुकलाय, त्यामुळे पाय उचलल्याचा आभास होतो. आणि सांधा चुकल्यामुळेच मला खोली दिसत नाही. एका दुरुस्तीत दोन्ही प्रश्न सुटतील. तेरा दिवस हातात आहेत.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. चारुशीला आली नाही. पत्र आलं : २५ला येते, २६चं तुमचं बघून २७ला निघेन. येताना काही आणू का?

उद्घाटनालाच येणार, म्हणजे तिला यातलं मर्म कळलं. काही आणू नको म्हणून कळवलं. नंतर आठवलं की भाजणी संपली आहे.

सोमवार, २० जानेवारी

खालच्या फण्यांची पाती चिमट्याने थोडी वळवली. पाय तसाच आहे का हे कळायला मार्ग नाही, कारण मला तो मुळातच जमिनीवर दिसतो. तरी सुधारणा निश्चित जाणवते.

बुधवार, २२ जानेवारी

मधल्या फण्याही वळवल्या. कानशीने घासल्या. दुपारी जेवायचं राहिलं. प्रेमिलाबाईंनी झुणका-भाकर आणून दिली आणि दारातूनच म्हणाल्या, "काहून छेडून राह्यले मास्तर? दिसत तं होतं." बाईंना विज्ञानातलं काय सांगणार.

शुक्रवार, २४ जानेवारी

नऊही फण्या पूर्ण. पूर्वीपेक्षा शंभर पटींनी अचूक. आता पडदा निर्दोष आहे असं लिहायला हरकत नाही.

वीस निमंत्रणं शिक्का मारून पाठवली होती.

शनिवार, २५ जानेवारी

चारुशीला आली. बारीक झाली आहे. हॉल बघितला, काळे कागद बघितले. मग व्हरांड्यात जाऊन मशीनवरची धूळ पुसली. तिथे ताडपत्री घालायची राहून गेली होती.

गौतमीचा फोटो आणला आहे. नाक शामलाचं. तिने विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, एकच फोटो आहे, दोन असते तर पडद्यावर दाखवली असती.

रात्री गरम पोळी खाल्ली.

रविवार, २६ जानेवारी

उपस्थिती : कॉलेजचे विभागप्रमुख, महादेवराव, प्रेमिलाबाई, गोपिकाबाई, आणि चारुशीला. बाकीच्यांना झेंडावंदन असणार.

पंधरा मिनिटं प्रास्ताविक केलं. मग पहिला मान चारुशीलेला. ती बसली. पदर नीट केला, जणू फोटोच काढायचा आहे. मी दिवा लावला. ती बघत राहिली. डोकं डावीकडे घेतलं, उजवीकडे घेतलं. शेवटी म्हणाली, "दोघी दिसतात मला. दोघींची तोंडं पुसल्यासारखी. यातली मी कुठली?"

महादेवराव बसले. लगेच उठले. म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तं वैनी बाहेर आल्या होत्या. हात लागत होता. काय केलं तुम्ही?" गोपिकाबाई खुर्चीत बसल्याच नाहीत. फण्यांजवळ गेल्या, वाकलेल्या पात्यांवरून बोट नेलं आणि बोट मागे घेतलं.

विभागप्रमुखांनी वळवलेली पाती तपासली. म्हणाले, पांढरीपांडे, हे वळवण्याआधी तुम्हाला खोली दिसत होती का? म्हटलं, अजिबात नाही, म्हणून तर वळवली. त्यांनी खिशातलं पेन उभं धरलं आणि म्हणाले, तुमच्या पेन्सिलीचं टोक झटकन याच्या टोकावर ठेवा. तीनदा चुकलं. एकदा पेनाच्या अलीकडे, दोनदा पलीकडे. भाषणानंतर हात थकलेला असतो हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, डोळे तपासून घ्या, लवकर. मग चहा न घेता गेले. त्यांना दुसरीकडे जायचं असेल.

सगळे गेल्यावर चारुशीला काळे कागद काढायला लागली. मधेच म्हणाली, "प्रेमिला पायाचं काय सांगत होती?" सांगितलं : यंत्रातला दोष, तुझा पाय उचलल्यासारखा दिसायचा. ती कागदाची घडी करत म्हणाली, "उचललेलाच होता. मे महिन्याची दुपार, चपला खाली ठेवलेल्या. तुम्ही फुटपट्टीने अडीच इंच मोजत होतात आणि मला हलू नको म्हणालात. मी एक पाय उचलायची, मग दुसरा."

म्हटलं, सांगायचं नाही का.

ती म्हणाली, "सांगितलं होतं."

सोमवार, २७ जानेवारी

चारुशीला गेली. मशीन बरोबर नेलं. शामला शाळेत जायला लागली, मुलीला सांभाळायला कुणीतरी हवं, आणि तिथे घरबसल्या शिलाईही होईल. सगळं पटण्यासारखं आहे. महादेवरावांनी मशीन स्टेशनपर्यंत पोचवायला टेम्पो आणला.

परतीचं तिने काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही, गर्दी होती.

सोमवार, ३ फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर. तरुण आहेत. म्हणाले, डावा डोळा जन्मापासून आळशी आहे. डोळा बघतो, पण मेंदू त्याचं ऐकत नाही. काम सगळं उजव्यानेच चालतं. तुम्हाला खोली कधी दिसलीच नसेल. लहानपणी कळलं असतं तर पट्टी बांधून उपाय झाला असता, आता साठीला टेकल्यावर काही होत नाही. म्हणाले, पण आजवर काही अडलं नाही ना?

म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणार आहे. दुर्बिणीतून तीस वर्षं मोजमापं घेतली, एकही चुकलं नाही. अर्थात दुर्बिणीला एकच डोळा लावतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुसऱ्या डॉक्टरांचंही तेच.

म्हणजे ११ आणि १३ जानेवारीला पडदा बरोबर होता. घरात तिघांनी चारुशीलेला बाहेर आलेली पाहिली. मी सोडून.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पाती सरळ करायला घेतली. ११ तारखेची स्थिती परत आणणं अशक्य नाही. मात्र ती आली की नाही हे सांगायला खुर्चीत दुसरा माणूस हवा. महादेवराव संत्र्याच्या मृग बहाराच्या तोडणीला गावी गेलेत, प्रेमिलाबाईही गेल्या. रोज कोण बसणार?

मी बसून पाहिलं. सपाट. बरोबर असेल किंवा चूक असेल.

आज स्वयंपाकघरातल्या मिठाच्या डब्यावरचा कागद पडला. परत चिकटवला.

मंगळवार, ११ मार्च

फण्या परत करायला गोपिकाबाईंकडे गेलो. नवऱ्याच्या तीन वेगळ्या बांधल्या होत्या, तेलाच्या फडक्यात. त्यांनी एक उघडून उजेडाकडे धरली. म्हणाल्या, "आता याच्यातून सूत नाही जात गुरुजी." मी माफी मागायची म्हणून गेलो होतो, वाक्यही तयार होतं. ते आठवेना. त्याच म्हणाल्या, "राहू द्या. माग तं बंदच हाय." फणी पुन्हा भिंतीवर टांगली.

मग चहा केला. म्हणाल्या, "बाई आली का परत?" म्हटलं, यायची आहे.

"मंग तुमी जा."

त्यांना सगळं समजावून सांगायला हवं होतं : घर, नळ, पेन्शनची कामं. चहा पिऊन निघालो.

गुरुवार, ३ एप्रिल

भिलाईला जातोय. चारुशीलेला तीन ओळींचं पत्र टाकलं. एक महिना राहीन. संकल्प : कुणाला काही सुचवायचं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल, भिलाई

क्वार्टर दोन खोल्यांचं. जावई रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून सगळे कुजबुजत बोलतात. चारुशीलेचं मशीन खिडकीत, त्यावर कुणाचा तरी निळा ब्लाउज. आजूबाजूच्या बायका तिला 'आई' म्हणतात.

गौतमी मला बघून रडली. पाच महिन्यांची आहे, अनोळखी माणूस म्हटल्यावर रडणारच. शामलाने घेतलं, राहिली. चारुशीलेने घेतलं, राहिली. मी घेतलं, पुन्हा रडली. झोळीची दोरी जरा वर बांधली तर झोका लांब जाईल असं मी म्हटलं. शामला म्हणाली, "बाबा, राहू द्या ना."

डोळ्याचं चारुशीलेला सांगितलं. ती लंगोट वाळत घालत होती. म्हणाली, "मला वाटलंच होतं. सुई तुम्हाला कधी ओवता आली नाही." मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुम्हाला पटलं असतं?"

विचार केला. पटलं नसतं.

शुक्रवार, ११ एप्रिल

काल पाडवा. गुढीला श्रीखंड. मुलगी माझ्याकडे बघून रडायची थांबली आहे, पण हसत नाही.

जेवताना माझं ताट मांडलं की सगळ्यांना थोडं सरकावं लागतं. प्रतापनगरच्या नळाचं काम निघालंय, उद्या निघतो, असं सांगितलं. शामला राहा म्हणाली. दोनदा म्हणाली.

शनिवार, १२ एप्रिल, गाडीत

चारुशीला स्टेशनवर आली. मला वाटलं नव्हतं. बाळ शेजारणीकडे ठेवून आली. हातात डबा. प्लॅटफॉर्मवर सावली कमी होती, तेव्हा तिला म्हटलं, खांबाच्या या बाजूला सावलीत ये, तू उभी आहेस तिथे ऊन आहे. ती आली.

मग म्हणाली, "जूनमध्ये शामलाला सुट्टी आहे. तेव्हा बघीन यायचं. का सावकाश आले तरी चालेल?"

मी 'सावकाश ये' म्हणणार होतो. 'माझी काही अडचण नाही' हेही तयार होतं.

म्हटलं, नाही. लवकर ये.

तिने माझ्याकडे बघितलं. डबा हातात दिला. म्हणाली, "बघते."

गाडी हलली. ती खिडकीबरोबर चार पावलं चालली, मग थांबली. ती किती लांब राहिली ते मला नीट सांगता येणार नाही. लहान लहान होत गेली एवढं खरं.

डब्यात पोळ्या आणि वांग्याची भाजी. मीठ बरोबर.

दुर्गला गाडी वीस मिनिटं उभी होती. उतरून परत जावं असं वाटलं. भिलाईची गाडी समोरच्याच प्लॅटफॉर्मवर लागली होती. पण सामान वरच्या फळीवर ठेवून झालं होतं.